दंडापेक्षा निर्देश जड

युरोपीय आयोगाने 2017 ते 2019 या काळात गूगलला तीन प्रकरणांत मिळून 8 अब्ज युरोंहून अधिक दंड ठोठावला. पहिल्या दंडावर अंतिम शिक्कामोर्तब व्हायला 2024 उजाडले. त्याच वर्षी तिसरा दंड युरोपीय न्यायालयाने रद्दच केला. तोवर छोटे स्पर्धक टिकतील कसे? वर्षाला शंभर अब्ज डॉलरांहून अधिक कमावणाऱ्या कंपनीच्या लेखी असा दंड म्हणजे धंद्याचा आणखी एक खर्च.

भारतातला अनुभव अधिक बोलका आहे. अँड्रॉइड प्रकरणात स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022मध्ये 1,337.76 कोटी रुपयांचा दंड केला, सोबत वर्तनबदलाचे निर्देशही दिले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023मध्ये स्थगिती नाकारताच, फोनवरचे शोधयंत्र ग्राहकाला निवडू देण्याची आणि उत्पादकांना अ‍ॅप सुटी देण्याची घोषणा कंपनीने केली. हे दंडाने नव्हे, निर्देशांनी घडवले. पुढे अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवून चार निर्देश वगळले. कंपनीला हा सौदा फार महागात पडला असे म्हणवत नाही.

भारताच्या स्पर्धा कायद्यातील 2023च्या दुरुस्तीने दंडाची आकारणी जागतिक उलाढालीवर करता येते. युरोपच्या डिजिटल बाजार कायद्याने मात्र बड्या कंपन्यांवर आधीच बंधने घातली आहेत. ती मोडल्यास दंड जागतिक उलाढालीच्या 10 टक्क्यांपर्यंत, पुन्हा मोडल्यास 20 टक्क्यांपर्यंत जातो.