खड्डे खोदणारं यंत्र विकत घेण्याआधी

गावाकडचा भाऊ फळबाग लावायचं म्हणतोय. ट्रॅक्टर घरी आहेच, आता त्यामागे लावायला पोस्ट होल डिगर हवंय आणि थोडे पैसे तुम्ही पाठवावेत, असा निरोप येतो. जरूर पाठवा. पण माझं मत विचाराल तर हे यंत्र एकट्याने घेऊ नये, आणि पीटीओ शाफ्टवर झाकण नसेल तर मुळीच घेऊ नये.

आधी थोडं गणित. ४० एचपीच्या ट्रॅक्टरच्या पीटीओवर साधारण २५ किलोवॅट मिळतात असं धरू. मिनिटाला ५४० फेऱ्यांवर टॉर्क होतो सुमारे ४४० न्यूटन-मीटर. गिअरबॉक्सने वेग तिपटीने कमी केला की ऑगरवर तो १३०० च्या घरात जातो. एक मीटर लांब पहारीच्या टोकाला १३० किलो वजन टांगल्यासारखा हा जोर. ऑगर ९ ऐवजी १२ इंची घेतला, तर तेवढ्याच खोलीला जवळजवळ पावणेदोन पट माती काढावी लागते. म्हणून ऑगरचा आकार कामावरून ठरवा, हौसेवरून नको.

मग जमीन. काळी माती सुकली की दगड होते. ओली असताना खोदली, तर फिरत्या ऑगरने खड्ड्याची भिंत लिंपल्यासारखी गुळगुळीत होते. तिच्यातून पाणी आणि मुळं सहज आत शिरत नाहीत. तेव्हा वाफसा आल्यावरच खोदा आणि रोप लावण्याआधी भिंती कुदळीने खरवडा. मुरमात दगड लागला की शिअर बोल्ट तुटतो. तो तुटण्यासाठीच असतो. त्याजागी कडक पोलादाचा बोल्ट घालणं म्हणजे फ्यूजऐवजी जाड तार लावणं.

आता झाकण. ५४० फेरे म्हणजे सेकंदाला ९. सात सेंटिमीटर जाडीच्या शाफ्टभोवती धोतराचा सोगा, ओढणी किंवा उपरणं सेकंदात दोन मीटर गुंडाळलं जातं. हात मागे घ्यायला वेळच उरत नाही. युरोपीय महासंघात असा शाफ्ट झाकणासकटच विकावा लागतो. अडकलेला ऑगर सोडवताना इंजिन बंद करून किल्ली खिशात ठेवायची, एवढी शिस्त गावीही पाळता येते. उघडे खड्डेही झाकून ठेवा. गावात लहान मुलं आणि गुरं असतात.

राहिला खर्च. ५ बाय ५ मीटरवर एकरी सुमारे १६० खड्डे लागतात. दोन एकरांचं काम काही दिवसांत उरकतं, आणि मग यंत्र गोठ्यामागे गंजत पडतं. इथे जर्मनीत यावर उपाय निघाला तो १९५८ मध्ये, बव्हेरियातल्या बुखहोफेन गावात. एरिख गायर्सबेर्गर यांच्या पुढाकाराने तिथे पहिला 'माशीनेनरिंग' उभा राहिला: यंत्र एकाचं, वापर अनेकांचा, भाडं ठरलेलं. आपल्याकडच्या अवजार बँकेचं तत्त्व हेच. तेव्हा पैसे पाठवताना भावाला सांगा, शेजारचे चार शेतकरी जोडीला घे, भाड्याचा दर आधी लिहून ठेव, आणि दुकानात झाकण लावलेला शाफ्ट दिसल्याशिवाय पैसे देऊ नकोस.