कान का टोचला?

हमरापुरातल्या गणपती कारखान्यांच्या आळीत एका गृहस्थांनी मला ऐकवले: वेठबिगारी 1976च्या कायद्याने संपली, कातकरी आदिवासी उचल घेतो ती राजीखुशीने, नडीला पैसा देणारा वीटभट्टीवाला उपकारच करतो. मी यहुदी शास्त्रातल्या दासमुक्तीचा दाखला दिला, तर म्हणाले, ज्या शास्त्राने गुलाम ठेवू दिले, त्याच्याकडून काय शिकायचे?

या शेवटच्या आक्षेपात तथ्य आहे. सातव्या वर्षीची सुटका इस्रायली दासाला होती, परक्याला नव्हती. तो डाग मी झाकत नाही. पण 'आपल्याकडे गुलाम नव्हतेच' हे जुने पालुपद पुरे झाले. पेशवाईतल्या कुणबिणींच्या, म्हणजे दासींच्या, खरेदी-विक्रीच्या नोंदी दप्तरांत पडून आहेत.

खरा वाद राजीखुशीचा. यहुदी दास सहा वर्षे राबला की सातव्या वर्षी मोकळा. तो म्हणाला, धनी बरा आहे, मला जायचे नाही, तर त्याला दाराशी उभा करून आरीने त्याचा कान टोचायचा. कानच का? यहुदी धर्मपंडित रब्बी योहानान बेन झक्काई सांगतात: इस्रायली फक्त देवाचे दास, हे सीनाय पर्वतावर याच कानाने ऐकले होते, तरी याने दुसरा धनी पत्करला. म्हणजे शास्त्राने राजीखुशीला शाबासकी दिली नाही, व्रण दिला! आणि असा कान टोचलेला दासही योबेलाच्या, पन्नासाव्या वर्षी सुटायचाच.

आणि कातकऱ्याची राजीखुशी कसली? भर पावसात घरात दाणा नसतो, तेव्हा मुकादम उचल घेऊन दारात येतो. दिवाळीनंतर घराला कडी लागते, पोरांची शाळा सुटते. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो: 'अजून फिटली नाही.' वही शेठची, आकडेही शेठचे. भुकेपोटी किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबावे लागणे ही सक्तीच, असे सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली सांगितले. त्या गृहस्थांना ते अजून ऐकू आलेले नाही.

1976च्या कायद्याने कर्ज बुडाले, पण चूल पेटली नाही. म्हणून तोच माणूस पुढच्या हंगामात पुन्हा भट्टीवर जातो.

तोराची, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राची, दास सोडणाऱ्या धन्याला आज्ञा आहे: सोडताना रिकाम्या हाताने पाठवू नको, कळपातून, खळ्यातून, द्राक्षकुंडातून दे. किती द्यायचे यावर रब्बी भांडले: 15 सेला (नाणी), 30 की 50? द्यायचे की नाही, यावर भांडले नाहीत. आमच्या वेठबिगार पुनर्वसनाच्या 2016च्या केंद्रीय योजनेत पुरुषाला एक लाख, बाईला आणि मुलाला दोन लाख. पण पूर्ण रक्कम मालकाला शिक्षा होण्यावर अडलेली. ती अट काढा. सुटकेच्या दिवशीच हात भरा, आणि पावसाळ्यात गावातच काम द्या.

जवळच्या पेणचे बेने इस्रायल, म्हणजे इथले यहुदी, हे आमचे शनवारी तेली. शनिवारी त्यांचा तेलाचा घाणा बंद असायचा. दासालाही धन्यासारखी विश्रांती मिळावी, कारण तूही मिसरात दास होतास, हे त्या दिवसाचे कारण तोरातच दिले आहे. तो थांबलेला घाणा या मुलखाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिला. भट्टीवाल्याने त्याच्याकडून एवढे तरी शिकावे.