हेल कागदावर उतरत नाही

त्वष्ट्याने इंद्राचा सूड घेण्यासाठी यज्ञ मांडला. परंतु ‘इंद्रशत्रू’ या शब्दाचा उच्चार करताना सूर चुकला. ‘इंद्राला मारणारा’ असा अर्थ व्हावयाचा, तो ‘इंद्र ज्याला मारणारा आहे’ असा झाला आणि वृत्रच मारला गेला. संस्कृतच्या शिक्षकांनी ही कथा वर्गात अनेकदा सांगितली आहे. अक्षरे तीच, त्यांचा क्रम तोच. आवाजाचा चढउतार तेवढा बदलला. उदात्त, अनुदात्त आणि स्वरित यांची व्यवस्था पाणिनीने नियमबद्ध करून ठेवली आहे. तथापि सुराचा हा विषय केवळ वेदपाठशाळेपुरता आहे असे समजणे चुकीचे ठरेल.

सुरावर शब्दाचा अर्थ ठरतो अशा भाषा आजही कोट्यवधी लोक बोलतात, आणि त्यांपैकी काही नवी मुंबईतही कानावर पडतात. कळंबोलीच्या पोलाद बाजारात ट्रक घेऊन येणारा पंजाबी चालक ‘घोडा’ म्हणतो, तेव्हा त्यातील ‘घ’ जवळजवळ ‘क’सारखा ऐकू येतो, चाबूक या अर्थाच्या ‘कोडा’पासून तो शब्द वेगळा पडतो तो खालच्या सुरामुळे. वाशीत मिझोरामचे भवन आहे. मिझो भाषेत उंच, खालचा, चढता आणि उतरता असे चार सूर मानले जातात. मराठीचे तसे नाही. ‘तो आला’ हे सांगणे आहे की विचारणे, हे सुरावरून कळते. पण ‘आला’ या शब्दाचा अर्थ पालटत नाही. मराठीचा सूर हा शब्दाचा नसून वाक्याचा आहे, आणि गावोगावच्या बोलीत तो जे वळण घेतो त्याला हेल म्हणतात.

शब्दाचा असो की वाक्याचा, सूर कागदावर उतरत नाही, ही खरी अडचण आहे. मिझो भाषा रोमन लिपीत लिहिली जाते, पण नित्याच्या लिखाणात तिचे सूर बहुधा दाखविले जात नाहीत. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीविषयक खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्यात आगरी बोलीचीही दखल आहे. परंतु त्या सर्वेक्षणाचे नमुने मुख्यतः लेखी स्वरूपात गोळा झालेले होते. पुढे याच उपक्रमाच्या अनुषंगाने भारतीय भाषांच्या ध्वनिमुद्रिका तयार करण्यात आल्या, त्या उगाच नव्हेत.

म्हणून सुराच्या अभ्यासकाला बोलणाऱ्याच्या दारी जावे लागते. शब्दांची यादी वाचून घेतली की काम झाले असे नाही; कारण यादी वाचताना शेवटच्या शब्दावर आवाज आपोआप खाली येतो आणि तो उतार त्या शब्दाचाच आहे असा भ्रम होतो. यासाठी प्रत्येक शब्द एकाच ठराविक वाक्यात बसवून पुन्हापुन्हा वदवून घेतात. केनेथ पाइक या अमेरिकन भाषावैज्ञानिकाने १९४८च्या आपल्या ग्रंथात ही रीत तपशिलाने मांडली. कधी अर्थ बाजूला ठेवून नुसता सूर शिट्टीवर काढून दाखवावयास सांगतात. स्त्रिया, पुरुष, वृद्ध आणि तरुण, सर्वांचे बोलणे घ्यावे लागते. आता आवाजाची उंची रेषेने दाखविणारी ‘प्राट’ ही संगणकप्रणाली विनामूल्य मिळते. परंतु ती रेषा काय सांगते, हे अखेर त्या भाषेच्या माणसालाच विचारावे लागते.

येथे नवी मुंबईचा प्रश्न उभा राहतो. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण परिसरातील पंचाण्णव गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादित होऊ लागल्या. जमिनीची मोजणी झाली, मोबदल्याचे वाद झाले, १९८४ साली जासईला आंदोलकांवर गोळीबारही झाला. या सर्वांची कागदपत्रे आहेत. घणसोली, कोपरखैरणे, करावे या गावांत पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या बोलण्याचे मात्र दप्तर नसते. आगरीत ‘पाणी’चे ‘पानी’ होते, ‘डोळा’चा ‘डोला’ होतो, हे लिहून दाखविता येते. तिचा हेल लिहून दाखविता येत नाही. आगरी गीते लोकप्रिय आहेत, लग्नातील धवलेही ध्वनिमुद्रित करता येतील. परंतु गाण्यात चाल सुरावर स्वार होते. हेल ऐकावयाचा तर बाजारातील घासाघीस, अंगणातील भांडण आणि आजीने नातवाला मारलेली हाक ऐकली पाहिजे.

हीच हाक ऐकून वाढलेले मूल शाळेत येते आणि पहिल्याच दिवशी त्याच्या हेलावर वर्ग हसतो. प्रमाण मराठी शिकविणे हे शिक्षकाचे कर्तव्यच आहे. पण हेल म्हणजे अशुद्धता नव्हे, हे सांगणेही त्याचेच कर्तव्य आहे. हसण्याच्या भीतीने मुलाने घरचा सूर टाकला, तर पुढे अभ्यासकाला तो शोधूनही सापडणार नाही.

डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी महाराष्ट्रभरच्या बोलींची ध्वनिमुद्रणे जमवून ती सर्वांसाठी खुली केली, हे मोलाचे काम होय. त्याला स्थानिक जोड हवी. नवी मुंबईच्या महाविद्यालयांतील मराठी विभागांनी प्रत्येक विद्यार्थ्याला एका वृद्धाचे तासभराचे सहज बोलणे, त्यांच्या संमतीने, ध्वनिमुद्रित करून गाव, वय व दिनांकासह जतन करावयास सांगितले, तर त्याला फारसा खर्च नाही. ध्वनिमुद्रक आता बहुतेकांच्या खिशात असतो. महापालिकेच्या ग्रंथालयात या संग्रहासाठी एक कपाट मिळावे, एवढेच मागणे आहे. २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तो प्राचीन ग्रंथांच्या आधारे. ग्रंथ शतकानुशतके टिकतात. बोलणारा माणूस तितका थांबत नाही. त्याच्याकडे यंदाच गेले पाहिजे.