टायरवरची छोटी खूण

“नाव तेच, साइज तीच, मग फरक काय?” टायरच्या दुकानात हे सर्रास ऐकू येतं. मला वाटतं, फरक असतो आणि तो गिऱ्हाइकाला सांगायलाच हवा.

टायरच्या बाजूवर कधीकधी एक छोटी खूण असते. बीएमडब्ल्यूसाठी तारा, मर्सिडीजसाठी ‘एमओ’, पोर्शेसाठी ‘एन’ आणि पुढे आकडा. म्हणजे तो टायर त्या कंपनीच्या मागणीप्रमाणे बनवलेला. रबराचं मिश्रण, आतली बांधणी, कधी नक्षीची खोलीही वेगळी. टेस्लासाठीच्या अनेक टायरांत तर आवाज दबावा म्हणून आतून फोम लावलेला असतो.

पण खूण म्हणजे पहिला नंबर नव्हे. कुणाला शांतता हवी, कुणाला वळणावर पकड, कुणाला इंधनाची बचत. एक वाढवलं की दुसरं थोडं सोडावं लागतं. म्हणून साइज, वजन पेलण्याचा आकडा आणि वेगाचं अक्षर जुळत असेल, तर बिनखुणेचा टायर घेण्यात वावगं काही नाही. मात्र एकाच ॲक्सलवर एक खुणेचा आणि एक बिनखुणेचा नको. ब्रेक दाबल्यावर डाव्या-उजव्या चाकाची पकड सारखीच हवी. भावाची घासाघीस नंतर करा, आधी वाकून ती खूण वाचा.