एका आकाशगंगेची टाळेबंदी

संगणकावरील खेळ म्हणजे पोराटोरांचा वेळ दवडण्याचा उद्योग, अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत आहे. त्यामुळे गंभीर राजकीय चर्चेत या विषयाला सहसा स्थान मिळत नाही. परंतु ज्या उद्योगात आज प्रचंड भांडवल गुंतले आहे आणि कोट्यवधी तरुणांचा फावला वेळ ज्याने व्यापला आहे, त्याकडे पाठ फिरवणे आपल्याला परवडणारे नाही. निर्मिती कोणाची आणि मालकी कोणाची, हा जुनाच प्रश्न तेथे नव्या रूपात उभा आहे. ‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’ या अमेरिकन खेळाचा उदय आणि अस्त हे त्याचे बोलके उदाहरण होय.

जॉर्ज लुकस यांच्या विज्ञानकाल्पनिक चित्रपटमालिकेवर आधारलेला हा खेळ जून २००३ मध्ये सुरू झाला. खेळाचे प्रकाशन लुकसआर्ट्स या कंपनीकडे, तर खेळ चालवणारी यंत्रणा सोनी ऑनलाइन एंटरटेनमेंटकडे. ग्राहकाने खेळ विकत घ्यायचा आणि वर दरमहा सुमारे १५ डॉलर वर्गणी भरायची. लाखावर लोकांनी ती भरली. त्यांना तेथे काय मिळाले, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

रॅफ कॉस्टर यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या या खेळाच्या रचनेत प्रत्येकाने तलवार उपसून वीरपुरुष व्हावे, अशी अपेक्षा नव्हती. तीसहून अधिक व्यवसाय उपलब्ध होते. कोणी दूरच्या ग्रहावर खनिजाचा शोध घेई, कोणी खाणयंत्रे बसवी, कोणी त्या धातूपासून शस्त्रे घडवी. खनिजाचा साठा काही दिवसांनी संपे आणि प्रत्येक साठ्याची प्रत वेगळी असे. त्यामुळे चांगला कारागीर दूरवर नावाजला जाई. शस्त्रे वापरून झिजत, म्हणून कारागिराला काम राही. लढून थकलेला योद्धा मद्यगृहात येई, तेव्हा नर्तक आणि वादक त्याचा शीण घालवीत. तीही खेळाडूच असलेली माणसे. पुढे खेळाडूंनी गावे वसवली आणि मतदानाने आपले महापौर निवडले. थोडक्यात, कंपनीने मोकळी जमीन आणि नियम पुरवले; त्या जमिनीवरील समाज खेळाडूंच्या परस्परावलंबी श्रमातून उभा राहिला.

या जगात दोष नव्हते असे नाही. खेळ अर्ध्याकच्च्या अवस्थेत बाजारात आला होता. अंतराळावरील खेळात अंतराळप्रवासाची सोय ऑक्टोबर २००४ मध्ये, तीही वेगळी किंमत मोजून, उपलब्ध झाली. चुका पुष्कळ होत्या आणि काही ग्राहक कंटाळून निघूनही गेले. परंतु या दोषांवरील उपाय ठरवताना मालकांनी आपली दृष्टी खेळाडूंच्या गरजांवर ठेवली नाही. ती ठेवली प्रतिस्पर्ध्याच्या नफ्यावर. नोव्हेंबर २००४ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा खेळ आला आणि त्याने ग्राहकसंख्येचे सारे उच्चांक मोडले. मक्तेदारीच्या बाजारात चांगले चालणे पुरेसे नसते. सर्वांत अधिक परतावा देणाऱ्या भांडवलाची बरोबरी करावी लागते.

एप्रिल २००५ मध्ये लढाईचे नियम मुळापासून बदलण्यात आले. १ नोव्हेंबर २००५ रोजी कंपनीने खेळाचा नवा भाग विकायला काढला आणि लोकांनी तो घेतल्यावर काही दिवसांतच संपूर्ण खेळ पालटून टाकणाऱ्या ‘न्यू गेम एनहान्समेंट्स’ची घोषणा केली. ओरड झाल्यावर त्या भागाचे पैसे परत देऊ करावे लागले. मात्र निर्णय मागे घेतला गेला नाही. तीसहून अधिक व्यवसायांचे नऊ झाले. प्राणी पाळून त्यांना शिकवणारा व्यवसायच नाहीसा झाला. जे ‘जेडाय’पद दीर्घ खटपटीनंतर एखाद्याला लाभत असे, ते आता पहिल्याच दिवशी कोणालाही निवडता येऊ लागले. दोन वर्षे खपून मिळवलेले कौशल्य एका सकाळी निरुपयोगी ठरले. मोठ्या संख्येने लोक निघून गेले, गावे ओस पडली.

शेवटही तसाच झाला. मार्च २०११ च्या अखेरीस सोनी ऑनलाइनने डेन्व्हर, सिॲटल आणि टुसॉन येथील स्टुडिओ बंद करून दोनशेहून अधिक कर्मचाऱ्यांना घरी पाठवले. जूनमध्ये या खेळाच्या समाप्तीची घोषणा झाली आणि १५ डिसेंबर २०११ रोजी यंत्रे थांबली. पाचच दिवसांनी, २० डिसेंबरला, त्याच चित्रपटांवर आधारलेला दुसऱ्या कंपनीचा नवा खेळ बाजारात आला.

याला टाळेबंदी म्हणावे काय? मुंबईच्या गिरणीला टाळे लागते तेव्हा कामगाराच्या घरातली चूल विझते; येथे ग्राहकांची भाकरी गेली नाही. हा भेद विसरणे म्हणजे गिरणी कामगारांचा उपमर्द ठरेल. तथापि दोन्हीकडील मूळ संबंध एकच आहे. अनेकांनी मिळून जे उभारले, ते चालू ठेवायचे की मोडायचे, हे उत्पादनसाधनांचा मालक एकटाच ठरवतो. उलट येथे उभारणाऱ्यांना मजुरी तर नव्हतीच; श्रम करण्यासाठी तेच दरमहा पैसे मोजत होते.

प्रस्तुत लेखकाचे काम अनुवादाचे आहे. या व्यवहारातील करारपत्रे वाचताना एक गोष्ट ध्यानात येते: जाहिरातीत ‘विकत घ्या’ असे म्हटलेले असते, करारात मात्र विक्री नसते, असतो तो केवळ परवाना, आणि तो मालकाला रद्द करता येतो. हा शब्दच्छल इतका उघड आहे की कॅलिफोर्नियासारख्या राज्यालाही २०२४ मध्ये कायदा करून, ग्राहकाला परवानाच मिळतो आहे हे स्पष्ट सांगण्याचे बंधन विक्रेत्यांवर घालावे लागले.

मालकाने तोट्यात यंत्रे अनंतकाळ चालवावीत काय, असा प्रश्न विचारला जाईल. तशी मागणी कोणाचीच नाही. मागणी एवढीच आहे की, तुम्ही चालवणार नसाल तर ज्यांनी हे उभारले त्यांना चालवू द्या. ते त्यांना जमते, हे सिद्ध झाले आहे. या खेळाच्या जुन्या चाहत्यांनी तो बंद पडण्यापूर्वीच वर्षानुवर्षे विनामोबदला खपून त्याची यंत्रणा नव्याने लिहायला घेतली होती. आज त्यांच्या यंत्रांवर ते जग पुन्हा नांदते आहे, कायद्याच्या टांगत्या तलवारीखाली का होईना. खेळ बंद करताना तो खेळण्याजोग्या अवस्थेत सोडावा, या मागणीवर २०२५ मध्ये युरोपात दहा लाखांवर सह्या जमल्या.

आज खेळच नव्हे, तर आपली पत्रे, छायाचित्रे आणि सभांची निमंत्रणेसुद्धा परक्यांच्या यंत्रांवर राहतात. ज्या दिवशी त्यातून नफा मिळणार नाही, त्या दिवशी त्या दारालाही टाळे लागू शकते. एका काल्पनिक आकाशगंगेची ही हकीकत म्हणूनच खरी आहे. घरातली मुले खेळत असतील तर त्यांना दटावण्यापूर्वी एकदा विचारावे: तू तेथे जे बांधतो आहेस, ते कोणाच्या मालकीचे आहे?