होडीचा अंगरखा

मुलांनो, होडी घरीसुद्धा बनते, ठाऊक आहे? १९६२ साली इंग्लंडमध्ये जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी ‘मिरर’ नावाची होडी आखली. प्लायवुडचे तुकडे तांब्याच्या तारेनं चक्क शिवायचे, अन् सांध्यांवर काचकापडाची पट्टी रेझिननं चिकटवायची! अशा हजारो होड्या लोकांनी घरी बनवल्या.

सांधे झाले, पण बाकीच्या अंगाचं काय? प्लायवुड म्हणजे लाकडाचे पापुद्रे. ऊन-पाण्यानं वरचा पापुद्रा फुगतो, आकसतो, चिरतो. नुसतं रेझिन फासलं तर तेही त्याच्याबरोबर तडकतं. मग पाणी आत शिरतं आणि रंगाखाली लाकूड गुपचूप कुजतं. म्हणून कापडाचा अंगरखा हवा.

कापड कुठलं? स्वस्त म्हणून मॅट घेऊ नका. मॅट म्हणजे काचेच्या तुटक तंतूंची चटई. बहुतेक मॅटमधला गोंद पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीननं विरघळतो. लाकडाला घट्ट धरतं ते इपॉक्सी. त्यात स्टायरीन नसतं. मग मॅट ताठच राहते. शिवाय ती रेझिन फार पिते, होडी जड होते! विणलेलं काचकापड घ्या. छोट्या होडीला चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचं पुरतं. किनारा खडकाळ असेल तर तळाला दोन थर. केवलर? नाव मोठं, पण घासलं की केसाळ होतं.

रेझिन आणि घासकाम मोठ्यांनीच करायचं, बरं का! हातमोजे आणि मास्क घालून. काचेची धूळ खाजते, छातीतही जाते. तुमचं काम रेझिन वाळल्यावर, पण घासण्याआधी. भिजलेलं कापड पारदर्शक होतं, खालचं लाकूड दिसतं. कुठे पांढरा ठिपका उरलाय, ते शोधून बाबांना दाखवा. तिथे रेझिन पोचलेलं नाही.