शू... पाहुणे जेवताहेत!



दिवाळीच्या सुट्टीत पहाटे उठायचं म्हटलं की कुरकुर करता ना? पण गेल्या वर्षी याच सुट्टीत आमच्या चौथीच्या वर्गातली बारा मुलं-मुली अंधारातच कानटोप्या घालून तयार होती. आम्ही निघालो होतो नांदूर मध्यमेश्वरला!

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा नद्यांच्या संगमाजवळ एक जुना बंधारा आहे. वर्षानुवर्षे त्यात गाळ साचला, उथळ पाणी आणि बेटं तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या. पक्ष्यांना आणखी काय हवं? २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं ‘रामसर’ पाणथळ स्थळ म्हणून या जागेचं नाव जाहीर झालं. रामसर हे इराणमधलं गाव. पाणथळ जागा जपण्याचा करार १९७१ साली तिथे झाला.

काठावरच्या निरीक्षण मनोऱ्यात आम्ही दाटीवाटीने बसलो. धुकं विरलं आणि समोर दिसली थापट्या बदकं! चमच्यासारखी रुंद चोच पाण्यावर इकडून तिकडे फिरत होती. या चोचीच्या कडांना कंगव्यासारखे दाते असतात. पाणी बाहेर जातं, बारीक किडे आणि बिया आत राहतात. अगदी आपल्या चहाच्या गाळणीसारखं!

वर्गातला सर्वांत बडबड्या मुलगा अर्धा तास चिडीचूप होता. तेवढ्यात मला नारिंगी रंगाची चक्रवाकाची जोडी दिसली. मी ताडकन उभी राहिले, हात बाहेर काढून ओरडले, “अरे, ते बघा चक्रवाक!”

फडफड! सगळा थवा उडाला.

तो मुलगा हळूच म्हणाला, “बाई, ते जेवत होते ना?”

मी अगदी ओशाळले. खरंच होतं त्याचं. थापट्या थंडीत हजारो किलोमीटर उडून आपल्याकडे येतात. त्या प्रवासात अंगातली चरबी खर्च होते. ती इथे खाऊन भरून काढायची, आणि उन्हाळ्याआधी पुन्हा तेवढंच उडायचं! आपण दचकवलं की साठवलेली शक्ती उगाच वाया जाते. पानावर बसलेल्या पाहुण्याला आपण कधी उठवतो का?

मग आम्ही हूं की चूं न करता बसलो. हो, मीसुद्धा! बऱ्याच वेळाने काही बदकं परत पाण्यावर उतरली, तेव्हा आम्ही टाळ्यासुद्धा मनातच वाजवल्या.

१२ नोव्हेंबर हा पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांचा जन्मदिवस. त्या निमित्ताने आई-बाबांना घेऊन जवळच्या तळ्यावर जा. मातकट रंगाचे कपडे घाला, वही-पेन्सिल घ्या आणि आडोशाला बसा. पक्ष्याचं नाव ओळखता आलं नाही तरी चालेल. चोच कशी, पाय कसे, तो काय खातो, एवढं टिपून ठेवा.

आणि एखादा मोठा माणूस ओरडलाच, तर ओठांवर बोट ठेवून त्याला नक्की सांगा, “शू... पाहुणे जेवताहेत!”

तुमच्या बाई